प्रश्नोत्तराचा तास : सचोटीवरचा प्रश्न मंत्री कुठून निसटतात?

पटलावर

'मंत्र्यांनी उत्तर टाळलं' ही ओरड दर अधिवेशनात होते आणि बहुतेक वेळा ती खरीच असते. पण निसटायची वाट अनेकदा प्रश्नातच मोकळी ठेवलेली असते. पैशांचे व्यवहार, हितसंबंध, मंत्र्यांची आचारसंहिता यांवरच्या प्रश्नांत तर हमखास. म्हणून हा धागा. कोणता पक्ष जास्त टाळतो हा वाद इथे नको, सत्तेत बसला की प्रत्येकाला ही विद्या येते.

आधी चौकट. लोकसभेत रोजचा पहिला तास, ११ ते १२, प्रश्नांचा. राज्यसभेत नोव्हेंबर २०१४ पासून तो १२ ते १ असतो. लोकसभेच्या दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताचं उत्तर सभागृहात तोंडी, त्यावर उपप्रश्न. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी. लोकसभेत किमान पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत एका सदस्याचा एकच तारांकित प्रश्न लागतो, तोही सोडतीत नंबर आला तर. वीसपैकी तासाभरात चार-पाच झाले तरी पुष्कळ. उरलेल्यांची उत्तरं लेखी समजून पटलावर ठेवली जातात.

आता लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ४१. प्रश्न स्वीकारायच्या अटी इथे आहेत आणि सचोटीचे निम्मे प्रश्न इथेच गारद होतात. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा बदनामीकारक मजकूर नको. मत विचारायचं नाही, 'समजा असं झालं तर' विचारायचं नाही. व्यक्तीच्या वर्तनाबद्दल विचारायचं तर फक्त तिच्या अधिकृत किंवा सार्वजनिक भूमिकेपुरतं. वैयक्तिक स्वरूपाचा आरोप सुचवायचाही नाही. न्यायालयापुढचा विषय नको, मंत्रिमंडळातली चर्चा नको, ज्या बाबीशी मंत्र्याचा अधिकृत संबंध नाही तीही नको.

आता हा नमुना बघा : 'अमुक मंत्र्यांनी नातेवाइकांच्या कंपनीला कंत्राट मिळवून दिले हे खरे आहे काय, असल्यास त्यांचा राजीनामा घेणार काय?'

पहिला भाग म्हणजे आरोप. दुसरा अजून न घेतलेल्या निर्णयाबद्दल. सचिवालयाने नाकारला नाही तरी उत्तर दोन ओळींचं येतं : 'नाही. प्रश्न उद्भवत नाही.' आणि ते उत्तर नियमाला धरूनच असतं, ही खरी पंचाईत.

सांगायचं एवढंच, की चारित्र्य विचारू नका, फाईल विचारा. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली, किती रकमेवर सही केली. चारित्र्याला 'नाही' म्हणता येतं, तारखेला म्हणता येत नाही.

---

उंबरठा

'प्रश्न उद्भवत नाही'वर थोडं सविस्तर लिहाल का? विधानसभेच्या छापील उत्तरांत तर हे वाक्य पानोपानी दिसतं.

---

लघुलिपी

@उंबरठा, आपल्या विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचा साचाच तसा आहे :

(१) अमुक ठिकाणी अमुक गैरव्यवहार झाल्याचे अमुक महिन्यात निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार कोणती कारवाई केली;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरंही ठरलेली : 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही'. आता (१) मध्ये तारीख, गाव, रक्कम आणि 'गैरव्यवहार' हा शब्द असे चार धागे एकत्र विणले असतील, तर त्यातला एक चुकला तरी 'हे खरे नाही' म्हणायला मोकळीक मिळते. रक्कम ३ कोटी लिहिलीत आणि ती २ कोटी ९० लाख निघाली, झालं. मग (२), (३), (४) तिन्हींना मिळून एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही'. पुढचे सगळे भाग पहिल्यावर टांगलेले असतात, खुंटी निघाली की सगळे कपडे खाली.

उपाय साधा आहे. प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. 'असल्यास' हा शब्द शक्य तिथे काढा. 'गैरव्यवहार झाला काय' ऐवजी 'सदर कामाबाबत १ जानेवारी ते ३० जून या काळात किती तक्रारी प्राप्त झाल्या, कोणत्या तारखांना, व प्रत्येकीवर काय निर्णय झाला' असं विचारा. याला 'हे खरे नाही' हे उत्तर व्याकरणातच बसत नाही.

दिल्लीतलं उदाहरण घ्यायचं तर सप्टेंबर २०२०. कोविडमुळे त्या अधिवेशनात तोंडी प्रश्न नव्हते, फक्त लेखी उत्तरं. टाळेबंदीत स्थलांतरित मजुरांच्या झालेल्या मृत्यूंबद्दल प्रश्न होता. कामगार मंत्रालयाचं उत्तर : अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. सचोटीचा विषय नव्हता, पण तंत्र तेच. भरपाईचा भाग आकडेवारीवर टांगलेला होता. 'कोणत्या योजनेखाली किती कुटुंबांना किती रक्कम दिली' असा तो सुटा असता, तर निदान 'शून्य' तरी लिहावं लागलं असतं.

---

वजाबाकी

+१. यात अजून एक खोड : '(अ) ते (ड) : विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे.' चार भागांची मिळून दीड पान योजनेची जाहिरात असते आणि (क) चं उत्तर त्यात कुठेच नसतं. भाग एकत्र बांधले की कोणता गाळला ते चटकन कळत नाही. म्हणून (क) मध्ये असं काही मागा जे परिच्छेदात विरघळत नाही : तक्ता, वर्षनिहाय, स्तंभांची नावं प्रश्नातच दिलेली. स्तंभ रिकामा राहिला की दिसतो.

---

मधली_सुट्टी

तुम्ही सगळे प्रश्न लिहिणाऱ्याच्याच माथी मारताय. उत्तर प्रश्नाला धरून आहे की नाही, हे अध्यक्ष का बघत नाहीत? ऑस्ट्रेलियात नियम आहे ना?

---

पटलावर

@मधली_सुट्टी, मुद्दा रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी सभेत २०१० पासून नियम १०४ प्रमाणे उत्तर प्रश्नाशी 'थेट संबंधित' असावं लागतं. उत्तराला तीन मिनिटं, आणि संबंधिततेवर एका उत्तरात एकदाच हरकत घेता येते. म्हणजे मंत्र्यांनी पहिल्या मिनिटात हरकत खाऊन घेतली की उरलेलं रान मोकळं. शिवाय स्वपक्षीय सदस्याने विचारलेल्या लाडक्या प्रश्नांना तिथे 'डोरोथी डिक्सर' असं नावच पडलंय, यावरून काय ते समजा.

ब्रिटनमध्ये उत्तराचा दर्जा ठरवणं हे अध्यक्षांचं काम मानत नाहीत. तिथला आधार वेगळा आहे. मार्च १९९७ मध्ये कॉमन्स सभागृहाने ठरावच केला, की मंत्र्यांनी संसदेला अचूक आणि खरी माहिती द्यावी, नकळत चूक झाली तर लवकरात लवकर दुरुस्त करावी, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली तर पंतप्रधानांकडे राजीनामा देऊ करणं अपेक्षित. तिथल्या मंत्र्यांच्या आचारसंहितेतही हे आहे. १९६३ मध्ये युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना जावं लागलं ते त्यांच्या विवाहबाह्य प्रकरणापेक्षाही सभागृहात खोटं निवेदन केल्यामुळे. जून २०२३ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाची दिशाभूल केल्याचा निष्कर्ष विशेषाधिकार समितीने काढला. थोडक्यात, तिथे टाळण्याला शिक्षा नाही, खोटं बोलण्याला आहे. त्यामुळे मंत्री खोटं बोलत नाहीत, टाळतात.

---

लघुलिपी

आपल्याकडे चुकीच्या उत्तरासाठी दोन रस्ते आहेत आणि लोक नेमका अवघड निवडतात.

हक्कभंग : नियम २२२ खाली सूचना. इथे उत्तर चूक होतं एवढं पुरत नाही. मंत्र्यांना ते चूक असल्याचं ठाऊक होतं आणि दिशाभूल करायच्या हेतूनेच दिलं, हे दाखवावं लागतं. हेतू सिद्ध करणं म्हणजे धुराला गाठ मारणं. बातमी होते, पुढे काही होत नाही.

दुसरा, अध्यक्षांच्या निदेशांपैकी निदेश ११५. मंत्र्यांच्या विधानातली चूक दाखवणारं पत्र अध्यक्षांना लिहायचं, पुरावा जोडायचा. इथे हेतूचा प्रश्नच नाही. मंत्र्यांकडून खुलासा मागवला जातो, आणि तो कागदावर येतो. बातमी होत नाही, पण नोंद राहते. मला विचाराल तर सचोटीच्या विषयात नोंदीची किंमत जास्त.

---

पाणवठा

रोखे प्रकरणात हेच झालं होतं ना?

---

वजाबाकी

हो, आणि त्यातून पत्ता कसा लिहावा हे शिकण्यासारखं आहे. २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत निवडणूक रोख्यांवर अतारांकित प्रश्न होता. रोख्यांबद्दल निवडणूक आयोगाने काही चिंता व्यक्त केली आहे काय? अर्थ मंत्रालयाचं उत्तर, अशा चिंता सरकारला प्राप्त झालेल्या नाहीत. प्रत्यक्षात आयोगाने मे २०१७ मध्येच कायदा मंत्रालयाला हरकतीचं पत्र लिहिलं होतं. ते माहिती अधिकारातून बाहेर आलं आणि मग हक्कभंगाची मागणी झाली. (रोखे पुढे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, पण तो वेगळा विषय.)

'सरकार' एक असलं तरी पत्रं मंत्रालयाच्या आवक नोंदवहीत पडतात. प्रश्न एकाला आणि पत्र दुसऱ्याकडे, या फटीत भलीमोठी वस्तू मावते. म्हणून असा प्रश्न दोन मंत्रालयांना वेगवेगळा पाठवावा, दोन सदस्यांच्या नावाने, एकाच आठवड्यात. मंत्रालयांचे दिवस ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरं दोन वेगळ्या दिवशी येतात. आणि 'चिंता' हा शब्द नको. चिंता कशाला म्हणायचं हे मंत्री ठरवतात. 'अमुक तारखेपासून आयोगाकडून या विषयावर किती पत्रे आली, कोणत्या तारखांना, कोणत्या विभागाकडे' असं विचारलं की पत्राचं पत्रपण नाकारता येत नाही.

---

उंबरठा

उपप्रश्नांचं काय? खरी गंमत तिथेच असते म्हणतात.

---

पटलावर

गंमत आहे, पण आयत्या वेळी सुचणाऱ्याची नाही.

तारांकित प्रश्नाच्या उत्तराबरोबर अधिकारी मंत्र्यांसाठी एक गठ्ठा तयार करतात, 'नोट फॉर सप्लिमेंटरीज' म्हणून. विचारले जाण्याची शक्यता असलेले सगळे उपप्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यात असतात. शिवाय अधिकारी दीर्घेत चिठ्ठ्या घेऊन बसलेले असतातच. म्हणजे वर्तमानपत्रात चार दिवस गाजलेला मुद्दा उपप्रश्नात विचारणं म्हणजे पाठ केलेली कविता म्हणायला सांगणं.

मूळ प्रश्नकर्त्याला साधारण दोन उपप्रश्न मिळतात. होतं काय, की पहिला भाषणात जातो. तीन वाक्यं प्रस्तावना, एक टोमणा, मग प्रश्न. मंत्री टोमण्याला उत्तर देतात ('माननीय सदस्यांच्या पक्षाच्या राजवटीत काय झालं ते देशाने पाहिलंय') आणि खाली बसतात. दोष कोणाचा? टोमणा मारणाऱ्याचा. प्रस्तावना जितकी लांब, तितकी मंत्र्यांना निवड जास्त.

प्रश्न वीस-पंचवीस शब्दांचा ठेवा. लेखी विवरणातल्याच एका आकड्यावर बोट ठेवा : 'विवरणाच्या तिसऱ्या स्तंभात सात प्रस्ताव प्रलंबित दाखवले आहेत. त्यातला सर्वांत जुना कोणत्या तारखेचा आहे?' बस. मंत्र्यांनी सांगितलं तर तारीख मिळाली. 'माहिती लेखी पाठवतो' म्हणाले तर ते आश्वासन झालं, त्यावर पुढे कोणी लिहीलच. दुसरा उपप्रश्न मात्र पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका. नाहीतर लघुलिपींनी सांगितलेली खुंटी इथेही निघते.

आणि सभागृहात उपस्थित राहा! ३० नोव्हेंबर २००९ ला तारांकित प्रश्नांच्या यादीतले इतके खासदार गैरहजर होते की लोकसभेचा प्रश्नकाळ वेळेआधीच गुंडाळावा लागला.

---

मधली_सुट्टी

न्यायप्रविष्ट म्हणून जे हात वर करतात त्याचं काय? मला तरी ते सगळ्यात सोयीचं वाटतं.

---

लघुलिपी

सोयीचं आहेच, कारण त्याची हद्द कोणी तपासत नाही. नियम ४१ मध्ये अडथळा आहे तो न्यायालयाच्या निर्णयाधीन बाबीचा. पोलिसांत गुन्हा नोंदला, तपास चालू आहे, एवढ्याने बाब न्यायप्रविष्ट होत नाही. आणि झाली तरी खटल्याचा गुणदोष वेगळा, सरकारने स्वतः काय केलं ते वेगळं. 'अमुक दोषी आहेत काय' विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, मिळूही नये.

विचारण्याजोगं असं : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली खटला भरायला मंजुरी लागते. कलम १७अ खाली, २०१८ च्या दुरुस्तीपासून, अधिकृत निर्णयांबाबत चौकशी सुरू करायलाही पूर्वपरवानगी लागते. दोन्हींना मुदत तीन महिने, वर आणखी एक महिना वाढवता येते. तेव्हा : किती प्रस्ताव आले, प्रत्येकाची आवक तारीख, निर्णयाची तारीख, चार महिने उलटलेले किती. कोणाचं नाव नाही, आरोप नाही, न्यायालय नाही. तरीही कोण कोणाच्या फाईलवर बसलंय ते तक्त्यात दिसतं.

---

पाणवठा

आश्वासनाबद्दल कोणीतरी लिहा म्हणाले होते. 'माहिती संकलित करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल' याचं पुढे काय होतं?

---

वजाबाकी

लिहितो. हे वाक्य लोकांना पळवाट वाटतं. माझ्या मते सगळ्या पळवाटांत हीच सर्वांत कमी वाईट.

लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे, १५ सदस्यांची, त्यात मंत्री नसतात. राज्यसभेची १९७२ पासून. कोणते शब्द आश्वासन मानायचे त्याची प्रमाण यादी आहे. 'विषय विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती गोळा केली जात आहे' ही त्यात येतात. संसदीय कार्य मंत्रालय कामकाजातून अशी वाक्यं वेचून मंत्रालयांना कळवतं. पूर्ततेची मुदत तीन महिने. २०१८ पासून हे ऑनलाइन प्रणालीवर चालतं.

बिघडतं ते इथे : तीन महिन्यांनी मंत्रालय मुदतवाढ मागतं. मग पुन्हा. मग एक दिवस समितीला विनंती जाते, की हे आश्वासन वगळावं. त्या काळात लोकसभाच विसर्जित झाली आणि प्रश्नकर्ता निवडून आला नाही, तर विचारणारा उरत नाही. म्हणून तीन महिने संपले की त्याच सदस्याने (तो नसेल तर दुसऱ्याने) नवीन अतारांकित प्रश्न टाकायचा : अमुक क्रमांकाच्या प्रश्नाच्या उत्तरात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता कोणत्या तारखेला झाली, मुदतवाढ किती वेळा मागितली, कारण काय. उत्तर टाळल्याचा इतिहास आता उत्तरातच नोंदवला जातो.

---

उंबरठा

पण हे सगळं करून कधी कोणी गेलंय का?

---

पटलावर

गेलंय. मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न झाला, उत्तराने समाधान झालं नाही, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी बाकांवरच्याच खासदाराने, तो विषय चर्चेला आणला. हातात काय होतं? शेअरचे भाव, तारखा, बाजारभावापेक्षा चढ्या दराने झालेली खरेदी. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, चौकशी उघड झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

आजही असमाधानकारक उत्तर पुढे न्यायला हत्यार आहे : लोकसभेचा नियम ५५, अर्ध्या तासाची चर्चा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीन दिवस आधी सूचना, सोबत कारणांची टीप. उत्तरातल्या वस्तुस्थितीचा खुलासा हवा असं दाखवावं लागतं. मतदान नसतं. याचा वापर फार कमी होतो, का ते समजत नाही. बहुधा संध्याकाळी सभागृह रिकामं असतं म्हणून.

---

मधली_सुट्टी

बरं, मग मंत्र्यांच्या हितसंबंधांवर एक प्रश्न लिहून दाखवा. नमुना म्हणून.

---

लघुलिपी

मंत्र्यांसाठीची आचारसंहिता १९६४ पासून आहे. मालमत्ता, देणी आणि व्यवसायातले हितसंबंध दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत पंतप्रधानांना (राज्यात मुख्यमंत्र्यांना) कळवायचे. व्यवसायाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडायचा. कुटुंबीयांनी त्या सरकारला माल किंवा सेवा पुरवणारा धंदा सुरू करू नये, याचीही काळजी घ्यायची, अपवाद नेहमीच्या व्यापारातल्या बाजारभावाच्या व्यवहाराचा. कायद्याचं बळ तिला नाही. मसुदा :

(अ) मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार मागील तीन वर्षांत ३१ ऑगस्टपूर्वी व त्यानंतर विवरण सादर करणाऱ्या मंत्र्यांची वर्षनिहाय संख्या;
(ब) व्यवसायातील हितसंबंध किंवा त्यांचा त्याग नोंदवणाऱ्या मंत्र्यांची वर्षनिहाय संख्या;
(क) आचारसंहितेच्या भंगाबाबत प्राप्त तक्रारींची संख्या, प्राप्तीच्या व निकालाच्या तारखांसह;
(ड) सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १६६ खाली एकल निविदेने झालेल्या १ कोटी रुपयांवरील खरेदींची यादी, पुरवठादार, रक्कम व मंजुरीच्या तारखेसह?

---

वजाबाकी

(ड) काढा. एकल निविदा हा खर्च विभागाचा आणि प्रत्येक मंत्रालयाचा विषय. '(ड) माहिती मध्यवर्ती पातळीवर ठेवली जात नाही' असं लिहून त्याच दमात (क) ही गिळतील. तो वेगळा प्रश्न करा आणि एकाच मंत्रालयाला पाठवा.

(अ) मध्येही एक फट आहे. मालमत्तेची विवरणं संकेतस्थळावर टाकली जातात, म्हणून 'सार्वजनिक दस्तऐवजात उपलब्ध' असं म्हणतील. नियमांत तशी सबब आहे. सादर केल्याची तारीख तिथे नेहमी सापडत नाही, तेव्हा संख्या नको, तारखाच मागा.

---

लघुलिपी

मान्य. (अ) : 'मागील तीन वर्षांत प्रत्येक मंत्र्याने विवरण सादर केल्याची तारीख, वर्षनिहाय तक्त्यात'. (ड) वेगळा. आता पाठवायचा कोणाला, गृह मंत्रालयाला की पंतप्रधान कार्यालयाला? संहिता गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, विवरणं जातात पंतप्रधानांकडे.

---

वजाबाकी

दोघांनाही. वेगवेगळ्या नावांनी.